कोठ्यावर अन् आंगणात लाईट लावायचा असेल तर सुरुवात मेन बोर्डापासून करा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घराच्या मागं टिनाचा कोठा, त्यात दोन बैल अन् एक गाय, रात्री बिबट फिरते म्हणून गावात भीती, त्यात वावरातल्या मोटरची केबल कोणीतरी कापून नेली, म्हणून तुम्हाला समोरच्या दारावर एक अन् कोठ्यावर एक असे दोन 50 वॅटचे एलईडी फ्लड लाईट लावायचे आहे, कोठ्यावरचा सेन्सरवाला. अन् विचारता की ओसरीतल्या बोर्डावरून वायर ओढून स्वतःच लावलं तर चालते का, वायर कोणती घेऊ.

वायरचं सांगतोच, पण त्याच्या आधी उठून मीटरजवळच्या मेन बोर्डात पाहून या, आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच, आहे का. साध्या एमसीबीपेक्षा (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या बटनापेक्षा) रुंद राहते, त्यावर टेस्टचं छोटं बटन राहते अन् 30 एमए म्हणजे 30 मिलिअँपिअर असं छापलेलं राहते. नसेल तर फ्लड लाईटाचे पैसे बाजूला ठेवा अन् आधी ते बसवून घ्या. लाईट पुढच्या महिन्यात लागला तरी चालते.

25 वर्षं झाले हेच काम करतो, आयटीआय केलं, वायरमनचं लायसन काढलं, तेव्हापासून यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांमध्ये फिरतो. अन् बाहेरच्या लाईटाच्या कामात मी जितके अपघात पाहिले त्यातला एकही लाईटामुळं झाला नाही. जॉईंटमुळं झाले, टिनावर घासलेल्या वायरीमुळं झाले, नसलेल्या अर्थिंगमुळं झाले. एक सांगतो, जे माझ्या डोक्यातून जात नाही. पावसाळ्यात एका घरी सकाळी सकाळी बोलावलं, पाहतो तर कोठ्याच्या लोखंडी खांबाला बांधलेला बैल मरून पडला होता. कोठ्यात एक साधा बल्ब, त्याची दोरीसारखी पिळाची वायर टिनाच्या धारेवरून आत घेतलेली, वाऱ्यानं हलून हलून तिथंच घासली, वरचं प्लास्टिक गेलं, रात्री पाऊस आला, टिनं ओली, खांब ओला, खाली चिखल. मेन बोर्डात एमसीबी होता अन् तो तसाच चालू होता, पडलाच नव्हता. घरची बाई म्हणे दोन दिवस झाले, टिनाजवळच्या तारेवर कपडे वाळत टाकताना हाताला मुंग्या येत होत्या, पण कोणी लक्ष दिलं नाही. तिला काही झालं नाही हे नशीब. ढोराचं असं आहे की पुढच्या अन् मागच्या पायात चार-पाच फुटाचं अंतर, खूर ओले, अन् करंट एका पायातून दुसऱ्या पायात जाताना छातीतूनच जाते, म्हणून माणूस झटका खाऊन वाचते तिथं बैल, गाय जाते. तेव्हा टिनाला, नळाला, खांबाला, कूलरला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करायचं अन् वायरमनला बोलवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

आता एमसीबी का पडला नाही हे समजून घ्या, कारण बहुतेक लोक समजतात की एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून राहते, लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला तर पडते. समजा तुमच्या फ्लड लाईटात फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी जिवंत वायर, त्याच्या लोखंडी बॉडीला लागला अन् बॉडी अर्थिंगला जोडलेली आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात किती भेगाळते तुम्हाला माहीत आहे, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला अन् त्याचा रेझिस्टन्स 23 ओहम झाला, तर 230 व्होल्ट भागिले 23 म्हणजे करंट जाईल 10 अँपिअर. तुमचा एमसीबीच 10 अँपिअरचा. त्याच्यासाठी हा नेहमीचाच लोड आहे, तो कायला पडते? तिकडं बॉडी, टिनं, खांब सगळ्यात जवळपास पूर्ण 230 व्होल्ट उभा राहते. आरसीसीबीचं काम वेगळं आहे, ते सारखं मोजत राहते की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, परत आला का, अन् 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुठंतरी जमिनीत किंवा माणसात जाऊन राहिला, की पापणी लवते तेवढ्यात लाईन तोडते. वरच्या हिशोबात 10 अँपिअर गळते, म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या 300 पटीहून जास्त. म्हणून आपल्याकडं, जिथं मे महिन्यात अर्थिंगवर पूर्ण भरवसा नाही, तिथं हे पाहिजेच. दुकानात 100 किंवा 300 मिलिअँपिअरचंही देतात, ते आग लागू नये म्हणून राहते, माणसासाठी 30 च घ्या. सिंगल फेज असेल तर दोन पोलचं, म्हणजे फेज अन् न्यूट्रल दोन्ही तोडणारं. अन् एक लक्षात ठेवा, एका हातात फेज अन् दुसऱ्या हातात न्यूट्रल पकडला तर आरसीसीबीला फरक दिसत नाही, ते वाचवत नाही. अन् एमसीबीच्या बदली ते लावायचं नाही, दोन्ही लागतात.

याच्यात एक फायदा असा की उन्हाळ्यात कूलरपासूनही वाचता. आपल्याकडं दरवर्षी कूलरच्या शॉकनं माणसं जातात, लेकरं जातात. पूर्ण घरावर आरसीसीबी असलं तर तेही त्यात येते.

अर्थिंगचं विसरू नका पण. आरसीसीबी लावलं म्हणजे अर्थिंग नको असं नाही, अर्थिंग असलं तर बिघाड होताच आरसीसीबी पडते, नसलं तर कोणाचा हात लागायची वाट पाहते. अडीच मीटर लांब, 40 मिलिमीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप उभा गाडायचा, भोवती कोळसा-मीठ, वरून पाणी टाकायला तोंड, अन् होळीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा दोन बकेट पाणी. ढोरं धुतात त्या ओल्या जागेजवळ पण पायाखाली येणार नाही असा खड्डा घेतला तर माती ओली राहते. बोअरच्या केसिंगला किंवा नळाच्या पाईपाला अर्थिंग म्हणून वायर बांधू नका. अन् दुसरी गोष्ट, न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगवर बल्ब पेटवतात काही जण, ते तर कधीच करू नका, अर्थिंगची वायर मधे कुठं तुटली तर तिला जोडलेल्या सगळ्या लोखंडात लाईन येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. ओसरीतल्या बोर्डावरून घेऊ नका. त्या बोर्डात बहुतेक वेळा अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नसते, अन् न्यूट्रल कुठून फिरून आला हे कोणालाच माहीत नसते. बाहेरच्या लाईटासाठी मेन बोर्डातून, आरसीसीबीतून बाहेर निघालेल्या लाईनवरून, 6 अँपिअरचा वेगळा एमसीबी घ्या, म्हणजे बाहेर पावसात काही झालं तर तेवढंच बंद करता येते अन् घरात लाईट राहते. फेज जिथून घेतला न्यूट्रलही तिथूनच घ्यायचा, त्या आरसीसीबीतून न आलेला दुसरीकडचा उसना न्यूट्रल घेतला की आरसीसीबी लाईट लावताच पडते, मग लोक म्हणतात आरसीसीबी खराब आहे अन् काढून टाकतात. मी कितीतरी घरी असं काढून फेकलेलं आरसीसीबी परत लावून दिलं, त्यात काहीच खराबी नव्हती. खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरला मात्र हात लावायचा नाही, ती मेन बंद केल्यावरही जिवंत राहते अन् तिथून लाईन घेणं म्हणजे वीजचोरी होते.

वायर तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटर, आयएसआय मार्कची, तीन वायरी, फेज, न्यूट्रल, अर्थिंग. 50 चे दोन म्हणजे 100 वॅट, अर्धा अँपिअरही होत नाही, म्हणजे करंटसाठी एवढी जाड लागत नाही, पण बाहेर वारा, ऊन, उंदीर सगळं आहे अन् 6 चा एमसीबी तिला पुरून उरते. दोन वायरीची स्वस्त म्हणून घेऊ नका, तिसरी वायर म्हणजेच अर्थिंग. रंगात एक फसगत होते ती सांगतो. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तीन फेज असलं तर लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज. पण फ्लड लाईटातून जी वायर बाहेर येते तिच्यात चॉकलेटी फेज, निळा न्यूट्रल अन् हिरवा-पिवळा पट्टा म्हणजे अर्थिंग. तीन फेजवाल्या घरी निळ्याला निळा जोडला की न्यूट्रलच्या जागी दुसरा फेज गेला, 400 च्या जवळपास व्होल्टेज, लाईट त्याच क्षणी जळतो. हिरवा-पिवळा तर बरेच जण कापूनच टाकतात, म्हणतात त्याच्याशिवाय पण लागते. लागते, पण बॉडीत करंट उतरला तर जायला जागा नाही.

बटन फेजवर घ्या. न्यूट्रलवर घेतलं तर लाईट विझतो पण आत फेज तसाच राहते, दुसऱ्या दिवशी कोणी शिडी लावून पुसायला गेला की संपलं. बटन बंद केल्यावर रात्री एलईडी मंद मंद चमकत राहिला तर पहिला संशय हाच घ्या.

50 वॅटच्या जागी मी तुम्हाला 20 किंवा 30 चा घ्या म्हणेन. आंगण 30-40 फुटाचं, त्याला 50 वॅट म्हणजे डोळे दिपतात, अन् लाईट समोर ताणून लावला की त्याच्या मागच्या अंधारात कोण उभा आहे ते दिसत नाही. तोंड खाली जमिनीकडं करा. हिशोब पण पाहा, 50 वॅट रात्रभर 11 तास म्हणजे महिन्याला साडेसोळा युनिट, 20 वॅटचा साडेसहा. कोठ्याला सेन्सर आहे म्हटल्यावर तो तर मिनिटा-मिनिटासाठीच लागणार.

सेन्सरबद्दल आपल्या भागापुरती गोष्ट सांगतो जी डब्यावर लिहिलेली नसते. हा सेन्सर अंगाची उष्णता अन् मागच्या भिंतीची, जमिनीची उष्णता यातला फरक पाहते. थंडीत फरक मोठा, दुरून पकडते. मे महिन्यात रात्री 9 वाजताही भिंत तापलेली राहते, माणसाच्या अंगाएवढीच गरम, तेव्हा जवळ आल्याशिवाय पकडत नाही. लोक म्हणतात सेन्सर बिघडला, बिघडत नाही, अंतर कमी होते. म्हणून 8-9 फुटावर लावा, अन् असा लावा की येणारा माणूस किंवा जनावर समोरून सरळ न येता आडवा जाईल, आडवं जाणारं लवकर पकडते. कूलरचा वारा, चूल, बंब, हलणारी तुरीची किंवा लिंबाची फांदी याच्याकडं तोंड नको. अन् ढोरांकडं तर नकोच, बैलानं शेपूट हलवली तरी लागेल अन् रात्रभर त्यायची झोप मोडेल, कोठ्याच्या बाहेरच्या वाटेकडं तोंड करा. दिवसा-रात्रीचा सेन्सर वेगळा असेल तर त्याच्यावर त्याच लाईटाचा उजेड पडू देऊ नका, लागला की दिवस समजून विझते, विझला की लागते, असं चालूच राहते. जोडताना सेन्सरला न्यूट्रल पण द्यावा लागते, फेज आत, न्यूट्रल आत, अन् तिसरी वायर लाईटाकडं, अर्थिंग सेन्सरमधून न नेता सरळ लाईटाच्या बॉडीला.

आता पाणी, म्हणजे खरी मेहनत इथंच आहे. डब्यावर आयपी 65 लिहिलेलं पाहून घ्या, धूळ जात नाही अन् पाण्याचा फवारा सहन करते. पण तो लाईट आयपी 65, त्याच्यातून जी फूटभर वायर बाहेर येते तिचा जॉईंट तुम्ही काळ्या टेपनं गुंडाळून भिंतीवर सोडला तर त्या 65 चा काही उपयोग नाही. आपल्या उन्हात टेपचा गोंद एका उन्हाळ्यात वितळून जाते, टेप उलगडते, अन् पहिल्या पावसात पाणी आत. जॉईंट नेहमी बाहेर लावायच्या रबरी पॅकिंगच्या बॉक्समध्ये, स्क्रूच्या कनेक्टरनं, वायर बॉक्समध्ये खालून घुसवायची, वरून कधीच नाही. वायर बॉक्समध्ये जायच्या आधी तिला खाली एक वळसा द्या, चार-पाच बोटं लोंबता, म्हणजे वायरीवरून वाहत आलेलं पाणी वळशाच्या टोकावरून टपकून पडते, आत शिरत नाही. भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार द्या अन् वायर टाकल्यावर सिलिकॉननं भरा. रिकाम्या भोकातून पाल जाते, गांधीलमाश्या घर करतात, मुंग्या माती आणतात, मी बॉक्स उघडताना आधी काडीनं ठोकूनच उघडतो.

वायरिंगची पांढरी प्लास्टिक पट्टी बाहेर लावू नका, दोन उन्हाळ्यात बिस्किटासारखी तुटते. जाड आयएसआय कंड्यूट, म्हणजे वायर आतून न्यायचा, पाईप घ्या अन् जमेल तिथं वळचणीखालून न्या. टिनातून वायर न्यायची असेल तर टिनाला उघडं भोक चालत नाही, त्यात पाईपाचा तुकडा किंवा ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं, टाका, बैलाची गोष्ट सांगितलीच. अन् कपडे वाळत घालायची तार लाईटाच्या वायरपासून, सर्व्हिस वायरपासून, टिनापासून दूर, तार काढून नायलॉनची दोरीच बांधा ना बाप्पा, किती बाया त्या तारेनं गेल्या.

घर ते कोठा मधलं अंतर किती ते तुम्ही लिहिलं नाही. 20-25 फूट असेल तर वरून नेता येते, पण वायर स्वतःच्या ताणावर नाही, जीआय तार दोन्हीकडं चिनीमातीच्या रीलवर ताणून बांधायची अन् केबल तिला क्लिपनं लटकवायची, कुटारानं भरलेली ट्रॉली खालून गेली तरी लागणार नाही एवढी उंच. तारेला पण अर्थिंग द्या. लिंबाच्या झाडावरून नेऊ नका, फांदी घासते. जास्त अंतर असेल तर जमिनीतून न्या, आर्मर्ड केबल (वरून लोखंडी तारांचं कवच, म्हणजे आर्मर, असलेली), अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटांची रांग, म्हणजे उद्या कोणी खोदलं तर आधी वीट लागेल. आर्मर घराच्या बाजूला अर्थिंगला जोडायचं. साधी वायर पाईपात टाकून जमिनीत घालतात, घूस पाईप कुरतडते, बंडीचं चाक वरून जाते, मग पावसाळ्यात आंगणातच करंट. कोठा खूपच दूर असेल किंवा वावरात असेल तर एवढं सगळं करण्यापेक्षा सोलरचा सेन्सर लाईट लावून टाका, उजेड कमी पडते, बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलावी लागते, पण 230 व्होल्ट तिथं नेण्याची गरजच राहत नाही.

स्वतः करायचं का? खड्डा खोदणं, पाईप ठोकणं, भोकं पाडणं, बॉक्स बसवणं, अर्थिंगला पाणी टाकणं, हे सगळं करा, मजुरी वाचेल. मेन बोर्डातलं जोडणं अन् शेवटची तपासणी लायसनवाल्या वायरमनकडून. अन् जे काही कराल ते करताना, लाईन गेली आहे तेवढ्यात जोडून घेतो, असं कधी म्हणू नका. आपल्याकडं भारनियमनाची लाईन टाईमाच्या आधी पण येते. मेन बंद करा, घरच्या माणसाला तिथं उभं ठेवा, अन् घरी इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा, मेन पाडल्यावरही त्याच्यावरची लाईन चालू राहते, हे भले भले विसरतात. मेन बंद करायच्या आधी टेस्टर त्या वायरला लावून पाहा पेटते का, मग बंद करून परत पाहा, दोन्ही वायरींवर. शिडी कोरड्या बांबूची घ्या, लोखंडी-अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायरजवळ नको, पायात रबरी चप्पल, अन् ओल्या आंगणात काम नाही. कोणाला करंट लागलाच तर त्याला धरायचं नाही, आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, मग 108 ला फोन, श्वास नसेल तर छाती दाबणं चालू ठेवायचं गाडी येईपर्यंत.

बिबट्याचं थोडं. लाईटानं तुम्हाला दिसेल की काही आलं, पण कोठ्याला दार अन् वरपर्यंत जाळी पाहिजेच, फक्त लाईटाच्या भरवशावर ढोरं उघड्यावर बांधू नका. अन् कुंपणाच्या तारेत घरची लाईन सोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डुकरासाठी सोडलेल्या तारेनं शेजाऱ्याचं, स्वतःच्या घरचं माणूस गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, अन् त्याचा गुन्हा दाखल होते. कुंपणासाठी मिळते ती झटका मशीन वेगळी, ती थांबून थांबून क्षणभराचा झटका देते, सलग 230 व्होल्ट सोडत नाही.

लाईट लागला की वायरमन असतानाच आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून पाहा, खटकन पडलं पाहिजे. नंतर दर महिन्याला एकदा दाबा, बिल भरायच्या दिवशी दाबायचं ठरवलं तर लक्षात राहते. नाही पडलं तर त्याच आठवड्यात बदला. विजा चमकू लागल्या की बाहेरच्या लाईटाचा एमसीबी पाडून ठेवा. अन् मे च्या शेवटी, मिरग लागायच्या आधी, एका सकाळी मेन बंद करून बाहेरचे दोन्ही बॉक्स उघडा, कनेक्टरचे स्क्रू कसून घ्या, उन्हानं ढिले होतात, रबरी पॅकिंग कडक झालं असेल तर नवीन टाका, टिनाजवळून जाते तिथं वायरीवर हात फिरवून पाहा कुठं घासली का. घर ते कोठा अंतर अन् मीटर सिंगल फेज की तीन फेज तेवढं कळवा, कोणती केबल किती लागेल ते सांगतो.